यूपीएस पेन्शन योजना घेतली, आता परत एनपीएसला जावं का? मुलाचा विचार करून सांगा (मदत हवी आहे)

कुळागरकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले. मिस्टर केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आहेत, २०१० ची भरती, २०३७ ला निवृत्ती. मी राज्य सरकारच्या प्राथमिक शाळेत, ऑगस्ट २००५ नंतरची, म्हणजे एनपीएसवाली (नॅशनल पेन्शन सिस्टिम, खात्यात साठलेल्या पैशांवर मिळणारी पेन्शन). जुनी पेन्शन घरात फक्त सासऱ्यांना. डीए (महागाई भत्ता) वाढला की ते पेपरातली बातमी मोठ्याने वाचतात आणि आम्ही दोघं चहाच्या कपात बघत बसतो.

केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून यूपीएस, म्हणजे ठरावीक पेन्शनची हमी देणारी युनिफाइड पेन्शन स्कीम, आणलं. पर्याय द्यायची मुदत जून, मग सप्टेंबर, मग ३० नोव्हेंबर अशी सरकत गेली आणि शेवटच्या आठवड्यात मिस्टरांनी यूपीएसचा फॉर्म भरला. ऑफिसात नीट समजावणारं कोणी नव्हतं. जो तो दुसऱ्याला विचारत होता, "तू काय केलंस?"

महिन्याचं गणित मला पटलंय. २५ वर्षं सेवा झाली की शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ५० टक्के, वर महागाई भत्त्यासारखी वाढ. तेव्हा बेसिक ८० हजार धरलं तर ४० हजार. शिवाय दर सहा महिन्यांच्या सेवेमागे बेसिक अधिक डीएच्या १० टक्के एकरकमी. २७ वर्षांचे साधारण साडेपाच पगार होतात.

माझी अडचण वेगळी आहे. मुलगा १६ वर्षांचा, त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, प्रमाणपत्र काढलेलं आहे. स्वतः जेवतो, कपडे घालतो, शेजारच्या दुकानात जाऊन दूध आणतो. पण दुकानदाराने सुटे किती परत दिले ते त्याला कळत नाही आणि पुढेही कळेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. यूपीएसमध्ये मिस्टरांच्या मागे ६० टक्के, म्हणजे ४० चे २४ हजार, मला मिळणार. माझ्यामागे काही नाही. मुलाला पेन्शन नाही आणि खात्यातली रक्कमही सरकारी पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या एकत्रित निधीत, जाते. सासऱ्यांच्या जुन्या पेन्शनमध्ये अशा मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन आहे. एनपीएसमध्ये निदान जमा रकमेचे ६० टक्के हातात येतात, आणि ४० टक्क्यांची ॲन्युइटी (विमा कंपनीकडून विकत घेतलेली पेन्शन) घेतली तरी मूळ रक्कम वारसाला परत मिळणारा पर्याय आहे.

तर आता परत एनपीएसला जाता येतं का? गेलो तर सरकारचा मधल्या काळातला वाटा बुडतो का? आणि अशा मुलासाठी तुम्ही काय सोय केलीत? "सीएला विचारा" एवढंच लिहू नका. विचारलंय, त्यांनी आयकर वाचवायचे मार्ग सांगितले.

माडाखालचा लेखनिक

ताई, जाता येतं, पण एकदाच. निवृत्तीच्या निदान एक वर्ष आधी अर्ज द्यायचा, स्वेच्छानिवृत्ती असेल तर तीन महिने आधी. म्हणजे तुमच्याकडे २०३६ पर्यंत वेळ आहे. एनपीएसला गेलात की दार बंद, परत यूपीएस नाही. म्हणून आज उडी मारू नका.

वाट्याचं म्हणाल तर एनपीएसमध्ये सरकार १४ टक्के भरतं. यूपीएसमध्ये तुमच्या खात्यात १० आणि वेगळ्या पूलमध्ये साडेआठ. परत गेलात तर मधला ४ टक्क्यांचा फरक परताव्यासकट बाहेर पडताना खात्यात धरतात. बुडत नाही.

सांतइनेजकर

यूपीएसमध्येच राहून निवृत्तीला खात्यातले ६० टक्के काढता येतात की. सगळे हे विसरतात.

माडाखालचा लेखनिक

येतात, पण पेन्शन तेवढ्याच प्रमाणात कमी होते. ताईंचे ४० हजार १६ हजारांवर येतील, आणि त्यांच्या वाट्याचे २४ हजार साडेनऊवर. तेही सांगा ना भाऊ.

विशेष शाळेतली बाई

मी अशा मुलांना शिकवते, म्हणून पैशांआधी दोन कामं सांगते.

पहिलं, नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर कुटुंबाने जुन्या नियमांप्रमाणे पेन्शन घ्यावी, असा पर्याय कर्मचाऱ्याला आधीच लिहून देता येतो. त्यात दिव्यांग मुलाचा हक्क येतो. मिस्टरांनी तो फॉर्म भरलाय का ते सर्व्हिस बुकात डोळ्यांनी बघा. निवृत्तीनंतर मात्र त्याचा उपयोग नाही.

दुसरं, मुलगा १८ चा झाला की कायद्याने तुम्ही आपोआप पालक राहत नाही. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ चा आहे, त्याखाली जिल्हा पातळीवरच्या समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करायचा. त्याच ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, ती अजून घेतली नसेल तर घ्या. हे नसेल तर उद्या साठ लाख हातात आले तरी मुलाच्या नावाने ते सांभाळणार कोण, हा घोळ होतो. वारसदार म्हणून थेट त्याचं नाव घालून मोकळे झालेले पालक मी बघितलेत. पुढे बँकेत सही कोण करणार यावर अडतं.

कुळागरकरीण

पालकत्वाचं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या एनपीएस खात्यात नॉमिनी म्हणून त्याचंच नाव आहे. सोमवारी शाळा सुटल्यावर आधी ते काम. फॉर्मचं मिस्टरांना आत्ता विचारलं, म्हणाले, "भरला असेन." म्हणजे भरलेला नाही.

लेखनिकभाऊ, एक राहिलं. मिस्टरांनी निवृत्तीच्या चार-पाच वर्षं आधी स्वेच्छानिवृत्ती घेतली तर यूपीएसची पेन्शन लगेच सुरू होते का?

माडाखालचा लेखनिक

नाही. २५ वर्षं भरलेली असली तरी ज्या तारखेला नेहमीची निवृत्ती झाली असती तेव्हापासून सुरू होते. मधली वर्षं तुमच्या पगारावर काढायची तयारी असेल तरच तो विषय घरात काढा.