मिसळणाच्या डब्यातली व्हिटॅमिन्स आणि बाबांचा स्टेंट

प्रभादेवीकर:
नमस्कार मंडळी. बाबा 66 वर्षांचे, बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकला. रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारतात आणि कट्ट्यावरून दर आठवड्याला एका नव्या गोळीचं नाव घेऊन येतात. आईचा जुना मिसळणाचा डबा आता त्यांच्या ताब्यात आहे. हळदीच्या वाटीत व्हिटॅमिन ई, मोहरीच्या वाटीत डी, जिऱ्याच्या वाटीत मल्टिव्हिटॅमिन. झाकण उघडलं की अजून हिंगाचा वास येतो. याने पुढचा अॅटॅक टळतो का, की नुसतेच पैसे जातात? काही बोललं की "तू डॉक्टर आहेस का?" ऐकावं लागतं.

काउंटरवाला:
डॉक्टर मीही नाही. दादरला औषधाच्या दुकानात 22 वर्षं उभा आहे. ती हिरवी ई कॅप्सूल नेणारे निम्मे लोक टाचणीने फोडून तोंडाला लावतात, त्यांचं बरं चाललंय. हार्टसाठी मात्र उपयोग नाही.

फळं-भाज्या खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो हे दिसत होतं. मग त्यातलं जीवनसत्त्वच गोळीत भरून दिलं तर, म्हणून 'होप' चाचणीत पाहिलं. साडेनऊ हजार माणसं, बहुतेक तुमच्या बाबांसारखी हार्टची नाहीतर डायबेटिसची. निम्म्यांना रोज 400 युनिट ई, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची कॅप्सूल. साडेचार वर्षांनी, 2000 साली निकाल आला: अॅटॅक दोन्हीकडे जवळपास सारखेच. त्यांच्यावर पुढे लक्ष ठेवलं, तर 2005 मध्ये ईवाल्यांत हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडणं, उलट जास्त निघालं. डीचंही तेच. अमेरिकेत 25,871 जणांच्या 'व्हायटल' चाचणीत रोज 2000 युनिट देऊनही अॅटॅक-स्ट्रोक कमी झाले नाहीत.

बाबा विडी-सिगारेट ओढतात का? मग मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवर बीटा कॅरोटीन (गाजरात असतं, शरीर त्याचं व्हिटॅमिन ए करतं) आहे का ते वाचा. फिनलंडमध्ये ओढणाऱ्यांना ते दिलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर वाढला.

शुगरची मेटफॉर्मिन घेणाऱ्याचं बी-12 कमी होतं आणि डॉक्टर ते लिहून देतात, ती गोष्ट वेगळी. ती कमतरतेवरची दवा झाली.

आता खरं विचारतो. कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ करायची गोळी कुठल्या वाटीत आहे?

गिरगावची सून:
डी जपून हं. आमच्या सासूबाईंना 60,000 चं पाकीट आठवड्याला एक सांगितलं होतं, त्यांनी रोज दुधातून घेतलं. महिन्याभरात मळमळ, बद्धकोष्ठता, बोलण्यात गोंधळ. रक्त तपासलं तर कॅल्शियम भलतंच वाढलेलं. अॅडमिट करावं लागलं.

प्रभादेवीकर:
काउंटरवाले दादा, तुमचा प्रश्न वाचून उठलो आणि डबा उघडला. रक्त पातळ करायची गोळी मेथीच्या वाटीत आहे, रोज घेतात. कोलेस्टेरॉलची डब्यातच नाही. टीव्हीखालच्या खणात तिची स्ट्रिप सापडली, गणपतीच्या आधी आणलेली. 15 पैकी 11 शिल्लक. विचारलं तर म्हणाले, "एवढ्या ताकदीच्या गोळ्या चालू आहेत, ती कशाला?" विडी डेपोत असताना होती, आता म्हणे सोडलीय. सोमवारी हार्टच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, डबा सोबत नेतोय. आई म्हणते, येताना रिकामा करून आण, मोहरी कागदात बांधून ठेवलीय.