ऊसतोडीवरची डॉक्युमेंटरी: होकार दिलेल्या ताई आता नको म्हणताहेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लग्नांच्या शूटिंगवर पोट आणि उरलेल्या दिवसांत डॉक्युमेंटरी, असं माझं चाललंय. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात येणाऱ्या एका ऊसतोड टोळीसोबत तीन हंगाम काढले. दिवाळी झाली की टोळीमागं जायचं, उसाच्या फडाशेजारी कोप्यांत, म्हणजे त्यांच्या झोपड्यांत, राहायचं. लग्नसराईही बरीचशी त्याच महिन्यांत, त्यामुळे निम्म्या ऑर्डरी सोडतो. (घरचे काय म्हणतात ते इथं लिहीत नाही.)

आता अडचण. फिल्मचा कणा म्हणजे एका ताईंची मुलाखत. मुकादमाकडून (टोळी लावणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, किती फिटली, खाडा झाला (कामाचा दिवस बुडाला) की किती कापतात, गर्भपिशवी का काढून घेतली, हे सगळं त्या मोळ्या बांधता बांधता बोलल्या. कॅमेऱ्यासमोर होकार आहे, कागदावर सही आहे. गेल्या आठवड्यात फोन आला, "दादा, माझं तेवढं काढून टाका. मुकादमाला कळलं तर पुढच्या साली उचल मिळायची नाही." एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणजे हिच्या बोलण्यापायी दोघांचं काम जाणार.

एडिटर मित्र म्हणतो, सही आहे ना, मग झालं. मला ते पटत नाही. सही घेतली तेव्हा फिल्म कुठं कुठं दिसेल हे मी नीट सांगितलं होतं का, हेच आठवत नाही.

चेहरा धूसर करून भागणार नाही, टोळीतला कुणीही आवाजावरून, लुगड्यावरून ओळखेल. त्यांचे शब्द दुसऱ्या बाईच्या आवाजात, पडद्यावर फक्त हात आणि कोयता, असं कुणी केलंय का? पण हकिगतही ओळखू येईलच ना? तपशील किती बदलले तर ती डॉक्युमेंटरी राहते?

थांब म्हणणारे डॉक्युमेंटरीकार आनंद पटवर्धनांचा दाखला देतात. मुंबईतल्या रमाबाई नगरमधला पोलीस गोळीबार १९९७चा, त्यापासून सुरू झालेली त्यांची फिल्म 'जय भीम कॉम्रेड' आली २०११ला. १४ वर्षं! मी थांबेनही, पण कर्जावर घेतलेल्या कॅमेऱ्याचे हप्ते थांबत नाहीत.

शिवाय एका अनुदानासाठी पाठवलेल्या ट्रेलरमध्ये त्यांचीच ४० सेकंदं आहेत. ती लिंक मी काल बंद केली. संस्थेला कारण काय कळवू, तेही ताईंची ओळख न देता? नवा ट्रेलर शुक्रवारपर्यंत पाठवायचाय.

होकार मागे घेण्याची मुदत कागदात कशी लिहिता, तेही कुणी सांगा. मराठी मसुदा असला तर फारच उत्तम.