मदत हवी आहे: टेकडीवरच्या रोपांना मायकोरायझा किती टाकायचा?

डोंगरवाट
आमच्या गावच्या टेकडीवर एकेकाळी जंगल होतं, आता नुसतं गवत आणि दगड. गावकऱ्यांनी मिळून झाडं लावतोय पण जगत नाहीयेत, पावसाळ्यात तरारतात आणि मार्च आला की उभी वाळतात. मुळांसोबत राहणारी चांगली बुरशी या मातीत उरली नाही म्हणून असं होतं असं कळलं, म्हणून मायकोरायझाची पावडर आणलीय. खड्ड्याला किती टाकायची एवढंच सांगा, पुढच्या आठवड्यात लावणी आहे, प्लीज लवकर.

मृद्गंध
टेकडी कुठली, मुरमाड की जांभा? झाडं कोणती? खत काय घालता? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

शिवारकर
ट्रायकोडर्मा टाका बिनधास्त, शेणखतात मुरवून. आमच्या डाळिंबाचा मर रोग त्यानेच आटोक्यात आला.

मृद्गंध
शिवारकर, ती बुरशी वेगळी. ट्रायकोडर्माचं मुख्य काम रोगट बुरशीला आवरायचं. मायकोरायझा मुळाच्या पेशीत शिरते, तिचे धागे बाहेर मातीत केसमुळांच्याही पुढे जातात आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस ओढून आणतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. जिवंत मूळ नसेल तर ती वाढतच नाही, मग शेणखतात मुरवून काय होणार?

डोंगरवाट
कोकण, जांभा. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ. रोपं नर्सरीतली. खड्ड्यात शेणखत आणि मूठभर सुपर फॉस्फेट, शिवाय मूळकुजीसाठी कार्बेन्डाझिमची आळवणी करतो, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओततो, नर्सरीवाल्याने सांगितलंय. पण मी डोस विचारला होता.

मृद्गंध
अहो मग डोसचं नंतर बघू! कार्बेन्डाझिम बुरशीनाशक आहे, ते ओतून वर बुरशी टाकायची? आणि आयतं स्फुरद मिळालं की मूळ या बुरशीला फारसं जवळ करत नाही. जांभ्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं, म्हणून तर तुमच्याकडे तिची गरज जास्त. दोन्ही थांबवा. पावडर वरून भुरभुरू नका, पिशवी फाडली की मुळांच्या गड्ड्याला लागेल अशी लावा.

देवराई_राखण
विकतच्या पावडरीत बऱ्याचदा शेतपिकांसाठी वाढवलेल्या एक-दोन जाती असतात. त्यापेक्षा जवळच्या देवराईतल्या ऐनाखालची वीतभर खोलीची माती बारीक मुळांसकट आणा, कुंड्यांत भरून त्यात मका किंवा ज्वारी पेरा. तीन-चार महिने वाढू द्या, मग पाणी तोडा, वरचं कापून टाका आणि मुळं बारीक चिरून तीच माती पुढच्या वर्षी नर्सरीच्या पिशव्यांत घाला. बी रुजतानाच मुळाला बुरशी भेटायला हवी.

सडेकर
देवराईची माती उचलायची? आमच्याकडे वाळकी काटकीसुद्धा बाहेर नेत नाहीत.

देवराई_राखण
एक घमेलं म्हणतोय, तेही गुरवांना आणि मानकऱ्यांना विचारून. नाही म्हणाले तर बांधावरच्या जुन्या ऐनाखालची घ्या.

नागपुरी_संत्रं
नुसत्या बुरशीने काही होणार नाही. आमच्याकडे गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने झाडं जगवली, तिथे मायकोरायझासोबत साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) आणि नत्र धरणारे जिवाणूही होते. आधी मातीत सेंद्रिय काहीतरी पाहिजे.

हिरवाई
मियावाकी या जपानी पद्धतीचं जंगल करा, दाट लावा, सगळे प्रश्न मिटतात.

सडेकर
कातळावर मियावाकी? वीतभर माती नाही तिथे! डोंगरवाट, मार्चमध्ये वाळतात म्हणता, वणवा लागतो का? गुरं सुटी असतात का? मुळं खाली कातळाला टेकली असतील तर बुरशी तरी काय करेल.

आंबेवाला
हापूसचा मोहोर गळतोय, ही पावडर चालेल का?

डोंगरवाट
मृद्गंधताई, आळवणी आणि सुपर फॉस्फेट या लावणीपासून बंद. अर्ध्या रोपांना पावडर लावतो, अर्धी तशीच ठेवतो, काठीला रंग देऊन खूण करतो. गुरवांशी उद्या बोलतो. पाकिटाचा फोटो रात्री टाकतो.

मृद्गंध
फोटोत बुरशीचं नाव, ग्रॅममागे बीजाणू किती आणि तारीख नीट दिसू दे. डोस त्यावरून सांगते. आणि सडेकरांनी वणव्याचं विचारलंय तेही सांगा.