व्याकरण बरोबर, पण कळत नाही. असं वाक्य शुद्ध म्हणायचं का?

शेवंती: जमिनीच्या एका नोटिशीचं मराठी तपासते आहे. ‘ज्याअर्थी’ने सुरू झालेलं वाक्य पान उलटल्यावर ‘त्याअर्थी’ला पोचतं, क्रियापद त्याच्याही पुढे. लिंग, वचन, विभक्ती सगळं जागच्या जागी. ज्यांना नोटीस आली ते काका विचारतात, “म्हणजे मी हरकत घ्यायची की नाही?” अनुवादक म्हणतो, व्याकरणाची चूक दाखवा, मग बदलतो. काय सांगू?

अर्धविराम: अनुवादकाचं बरोबर आहे. ‘रंगहीन हिरव्या कल्पना त्वेषाने झोपतात’ अशा अर्थाचं वाक्य भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५७ मध्येच दिलं होतं. अर्थ नाही, तरी व्याकरणाला बाध येत नाही.

गोदाकाठ: आपल्याकडचा ‘एष वन्ध्यासुतो याति’ आठवा. वांझेचा मुलगा चाललाय, डोक्यावर आकाशफुलांचा तुरा, मृगजळात न्हालेला, हातात सशाच्या शिंगाचं धनुष्य. पण हा श्लोक कळतो हो! कळतो म्हणूनच अशक्य वाटतो. नोटिशीतली गोष्ट अगदी शक्य कोटीतली आहे, ती हाती लागत नाही इतकंच. दोन्हींची गल्लत नको.

पाणकणीस: ‘तर्कसंग्रह’ या जुन्या संस्कृत तर्कग्रंथात याचं उत्तर आहे. वाक्यातून बोध व्हायला आकांक्षा (शब्दांना एकमेकांची गरज), योग्यता (अर्थ जुळणं) आणि सांनिध्य (शब्द लगोलग येणं) लागतं. ‘अग्नीने शिंपतो’ यात योग्यता नाही. ‘गाय’ म्हणून एका प्रहराने ‘आण’ म्हटलं, तर सांनिध्य नाही. तुमच्या नोटिशीत नेमकं हेच झालंय. अनुवादकाला सांगा, सांनिध्य मोडलंय.

अर्धविराम: ती बोधाची अट झाली, व्याकरणाची नव्हे. १९६५ मध्ये चॉम्स्कीनेही व्याकरणिक आणि स्वीकार्य असे दोन वेगळे कप्पे केले. एकात एक गुंतलेली वाक्यं लक्षात मावत नाहीत, त्यात नियमांचा दोष नाही.

गोदाकाठ: माझी आजी शाळेत गेलेली नव्हती. ‘मी पळताना चोराला पाहिलं’ असं कोणी म्हटलं की लगेच विचारायची, “पळत कोण होतं? तू का तो?” भाषा कळणं म्हणजे हे. त्याला व्याकरणाबाहेर काढणं मला पटत नाही.

रानजाई: नोटिशीत ‘उपरोक्त’ असेल तर ते आधी काढा. उपरि अधिक उक्त, म्हणून शुद्ध रूप ‘उपर्युक्त’.

शेवंती: आहे ना, चार ठिकाणी.

पाणकणीस: राहू द्या. ‘उपरोक्त’ सगळ्यांना कळतं, ‘उपर्युक्त’वर काका अडतील. नाहीतर सरळ ‘वरील’ लिहा.

रानजाई: रूढ झालं म्हणून संधी बदलत नाही. सरकारी कागदात तरी शुद्ध रूप हवं.

गोदाकाठ: मराठीत रूढी मोठी. संस्कृतचे संधी मराठीला का लावायचे?

शेवंती: मी ते वाक्य तोडून पाच केलीत. आता अनुवादक म्हणतो, ‘ज्याअर्थी’च्या मसुद्यात मध्ये पूर्णविराम चालत नाही. असा खरंच काही नियम आहे का?