लोन्सम लॅरी एकटाच आला, मग बाकीचे मासे कुठून?

बॉइसीकर:
आई-बाबा पुण्याहून आलेत. काल त्यांना इथल्या निसर्गकेंद्रात जतन करून ठेवलेला लोन्सम लॅरी दाखवला. १९९२ साली समुद्रातून अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या रेडफिश लेकला परतलेला एकमेव सॉकाय सामन (समुद्रात वाढून अंडी घालायला जन्मस्थळी परतणारा मासा). साधारण १४५० किलोमीटर, वाटेत आठ धरणं. बाबा म्हणाले, "एवढा चढून आला आणि बायकोच नाही!" आई म्हणाली, मग आताचे मासे सगळे एकाच बापाचे का? मला सांगता येईना.

रत्नांग्रीचो:
नाही हो, काकूंना सांगा. १९९१ ते १९९८ मध्ये मिळून १६ परतले, १९९५ आणि १९९७ ला शून्य. पण समुद्राकडे निघालेली पिल्लंही पकडून हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवली होती. शिवाय तळ्यातच राहणारे, समुद्र न पाहिलेले थोडे सॉकाय होते, तेही घेतले. लॅरीचं वीर्य गोठवून ठेवलं, ते पुढे वापरलं.

प्रश्न मात्र काकूंनी नेमका विचारला. मी मत्स्यविद्या शिकलो तेव्हा हाच हिशेब घोटला होता, वैविध्यासाठी प्रत्यक्षात किती मासे धरायचे: चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले एकूण. १९९१ ला तीन नर आणि एक मादी आली, म्हणजे आनुवंशिक वैविध्याच्या हिशेबात तीनच. नऊ नर आणि एकच मादी असती, तर दहांचे ३.६!

म्हणून हॅचरीत एका मादीची गाबोळी वाटून घेतात आणि प्रत्येक वाट्याला वेगळा नर देतात. सगळ्यांचं वीर्य एकत्र कालवलं तर एखादाच जोरदार नर बाजी मारतो. जोड्या लावताना डीएनए बघतात, सगोत्र टाळतात.

सानिका_व्ही:
नदीत कोण पत्रिका बघतं?

रत्नांग्रीचो:
कोणी नाही. मादी शेपटीने खळगा खणते, वाकड्या जबड्याचा दांडगा नर राखण करतो, आणि ऐनवेळी एखादा किरकोळ नर घुसून काम उरकतो. अटलांटिक सामनमध्ये तर समुद्रात न गेलेली वीतभर पोरंही बाप होतात. आम्ही वर्गात हसायचो, पण मासे मोजकेच असले की ह्या चोरट्यांमुळेच बापांची संख्या वाढते.

बॉइसीकर:
आई खूश! बाबांना आता प्रत्यक्ष बघायचंय. कधी नेऊ?

रत्नांग्रीचो:
अंडी घालताना बघायचं तर ऑक्टोबर. तळ्याच्या काठालगत.

बॉइसीकर:
परतीचं तिकीट १२ सप्टेंबरचं आहे. बाबा तारीख बदलायला सांगतायत.