जुनी होंडा एस-२००० की पोर्शे बॉक्सटर एस? (सल्ला हवा आहे)

एडिसनकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेजला गेली, जाताना तिची सिव्हिक घेऊन गेली आणि गॅरेजमध्ये एका गाडीची जागा मोकळी झाली. तिथे ट्रेडमिल ठेवावी असा एक प्रस्ताव घरात आहे. तो मंजूर व्हायच्या आत मला गाडी आणायची आहे. दोन सीटची, टप उघडणारी आणि गिअर हाताने टाकायची. ऑफिसला ट्रेनने जातो, त्यामुळे ही फक्त शनिवार-रविवारची, एप्रिल ते ऑक्टोबर. वर्षाला फार तर ४,००० मैल.

दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही खासगी मालकांच्या, दोन्हींचं टायटल (मालकीचा कागद) स्वच्छ.

एक होंडा एस-२०००, २००६ चं मॉडेल, १,१२,००० मैल पळालेली. मालक दुसरा, पण अकरा वर्षं गाडी त्याच्याचकडे. बिलांची जाडजूड फाइल आहे. सीटचं लेदर डाव्या कडेला फाटलंय, बंपरवर खड्यांचे टवके. २३,००० डॉलर सांगतोय.

दुसरी पोर्शे बॉक्सटर एस, २००८, ३.४ लिटर, फक्त ४६,००० मैल. दिसायला शोरूममधून आत्ता काढल्यासारखी. मालक चौथा, दीड वर्षापासून. बिलं म्हणाल तर दोन ऑइल चेंजची. २१,५०० सांगतोय.

कर, विमा, पहिली दुरुस्ती असं सगळं धरून माझ्याकडे २७,००० आहेत. वर एक डॉलरही नाही, तसं घरी लेखी दिलंय.

खरं सांगायचं तर मन बॉक्सटरवर बसलंय. निम्म्याहून कमी पळालेली, वर दीड हजाराने स्वस्त, आणि पोर्शे! मग लोक 'जपून' का म्हणतात? आगाऊ धन्यवाद.

खंबाटकी
मायलेज किती देतात दोन्ही?

एडिसनकर
@खंबाटकी, तुम्ही ॲव्हरेज विचारताय ना? इथे मायलेज म्हटलं की लोक रनिंग सांगतात. दोन्ही गॅलनला वीसच्या आसपास, म्हणजे लिटरला साधारण साडेआठ किलोमीटर. दोघींना प्रीमियम पेट्रोलच लागतं. तिथे डावं-उजवं काही नाही.

खंबाटकी
साडेआठ! बरं बरं, चालू द्या. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मधुमालती
एडिसनकर, स्वागत. मी मिशिगनमध्ये असते. २००५ ची एस-२००० नऊ वर्षं आहे माझ्याकडे, तेव्हा मी पक्षपाती आहे हे आधीच सांगते.

१,१२,००० या आकड्याला घाबरू नका. या इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे 'लाख झाले, बेल्ट बदला' हा खर्चच नाही. घाबरायचं तर पुढच्या गोष्टींना घाबरा:

१. गाडी रात्रभर उभी असताना गार इंजिन चालू करून पुढून कान द्या. लहानपणी सायकलच्या आऱ्यांत पुठ्ठा अडकवून जो आवाज काढायचो, अगदी तसा खडखडाट आला तर चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) गेलाय. त्याने गाडी लगेच बंद पडत नाही, पण भाव पाडायला उत्तम.

२. गाडी खालून बघा. तुमच्याकडेही बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. या गाडीचे अलाइनमेंटचे बोल्ट बुशमध्ये गंजून घट्ट बसतात. मग साधी अलाइनमेंट करायला गेलात तर मेकॅनिक कटर काढतो आणि बिलात एक शून्य वाढतं. अलीकडची अलाइनमेंटची पावती फाइलमध्ये असेल तर निम्मी काळजी मिटली.

३. दर दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची सवय मालकाला आहे का, ते विचारा. ही इंजिनं तेल थोडं पितात. ज्याने बघितलं नाही त्याचं इंजिन गेलं, मग मैल कितीही असोत.

४. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे हवेत. मागे एक, पुढे दुसरंच असली खिचडी या गाडीला चालत नाही, ओल्या वळणावर शेपूट फिरवते. २००६ पासून स्टॅबिलिटी कंट्रोल आलं, ते तुमच्या गाडीत आहे. माझ्या गाडीत नाही, म्हणून हे अनुभवाचे बोल समजा.

आणि मुख्य म्हणजे आत बसून बघा. स्टिअरिंग वर-खाली होत नाही, पुढे-मागेही होत नाही. होंडाने जिथे ठेवलं तिथे ते आहे. माझा नवरा सहा फूट दोन इंच. त्याने एकदाच चालवली.

पानाखिळा
धागाकर्ते, तुमचा प्रश्न 'मैल कमी तर गाडी चांगली का?' असा आहे. उत्तर: बॉक्सटरच्या बाबतीत हा प्रश्नच उपयोगाचा नाही. (मी कॅलिफोर्निया. घरच्या गॅरेजमध्ये स्वतः काम करतो. सध्या एक २०१० ची बॉक्सटर.)

२००८ पर्यंतच्या बॉक्सटरमध्ये एम९६-एम९७ घराण्याचं इंजिन आहे. त्यात इंटरमीजिएट शाफ्टचं एक बेअरिंग असतं, त्याची कीर्ती तुम्ही ऐकली असेलच (ते गेलं की बहुधा इंजिनही जातं). जुन्या इंजिनांत ते बदलता यायचं. २००६ ते २००८ च्या इंजिनांत ते मोठं आणि अधिक टिकाऊ केलं, पण इंजिन पूर्ण उकलल्याशिवाय ते बाहेर येत नाही. २००९ पासून इंजिनच नवं आलं आणि तो शाफ्टच गेला. म्हणजे तुमची गाडी त्या रेषेच्या एक वर्ष आधीची. उगाच नाही ती होंडापेक्षा स्वस्त.

त्याहून मला भीती सिलिंडर ओरबाडले जाण्याची. ३.४ लिटरमध्ये हे जास्त दिसतं. गार इंजिनात टकटक, तेलाचा खप वाढणे, धुराड्यात काजळी ही लक्षणं. खात्री हवी तर कॅमेरा आत घालून बघावं लागतं, आणि इंजिन सीटच्या मागे पोटात दडलेलं असल्याने ते काम पाच मिनिटांचं नाही.

आता कमी रनिंगबद्दल. सोळा-सतरा वर्षांत ४६,००० मैल म्हणजे वर्षाला तीनेक हजार, त्यातही चार मालक. गाडी बहुतेक वेळ उभी होती. उभ्या गाडीचे सील सुकतात, कूलंटची टाकी तडकते, ब्रेकच्या तेलात पाणी मुरतं, बंपरमागच्या रेडिएटरांत पाचोळा साठून कुजतो. टॉर्च घेऊन पुढच्या जाळ्यांतून आत बघा, गेल्या पानगळीची पानं अजून तिथेच असतील. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '१४१५' म्हणजे २०१५ चा चौदावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, असा टायर फेकायचाच.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. या गाडीचा कॉम्प्युटर दोन गोष्टी लक्षात ठेवतो: इंजिन एकूण किती तास चाललं, आणि मर्यादेबाहेर कितीदा फिरलं. त्याला ओव्हर-रेव्ह रिपोर्ट म्हणतात. सहा टप्पे असतात. खालचे टप्पे नुसता ॲक्सिलरेटर दाबूनही भरतात, त्यांचं काही नाही. वरचे टप्पे म्हणजे कोणीतरी वेगात असताना पाचव्याऐवजी तिसरा टाकलाय. आणि तो प्रसंग कितव्या तासाला घडला तेही लिहिलेलं असतं. हा रिपोर्ट काढू न देणाऱ्या मालकाला नमस्कार करून निघून यायचं.

उगाच आपलं
माझदाची मियाटा घ्या. विषय संपला.

पानाखिळा
@उगाच आपलं, प्रत्येक धाग्यावर हे एक वाक्य टाकायचे पैसे मिळतात का तुम्हाला? (पण चूक नाही म्हणा.)

निवांत
हिशोब कोणी मांडला नाही म्हणून मांडतो. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के. होंडा सांगितलेल्या भावात घेतली तर कर १,५२४, हातात उरतात २,४७६. पोर्शे घेतली तर कर १,४२४, उरतात ४,०७६. विमा अजून धरलेला नाही.

म्हणजे पोर्शेकडे १,६०० जास्त उरतात. पण तिला चार टायर, ब्रेकचं तेल, प्लग आणि कूलंटची टाकी एवढंच केलं तरी ते १,६०० संपले. क्लच बदलायचा निघाला तर उरलेलेही गेले, आणि तेव्हा तुम्ही फक्त बरोबरीला आलेले असाल. इंजिनला हात लागला तर २७ हजारांची वहीच बंद करावी लागेल.

माझं स्वतःचं सांगतो. मी एकदा सगळे पैसे गाडीच्या किमतीतच घातले होते. कुठली गाडी ते विचारू नका, जर्मनही नव्हती. सात महिने ती ताडपत्रीखाली उभी होती, कारण गिअरबॉक्सचे पैसे साठवत होतो. हप्ता चालू, गाडी बंद.

मधुमालती
निवांत यांना अनुमोदन. विम्याचा भाव गाडी घेण्याआधी विचारा, नंतर नाही. एस-२००० ची चोरी होते, आणि नुसते सुटे भागही चोरतात. हार्डटॉप (वर बसवायचा कडक टप) असेल तर तो आधी.

खंबाटकी
अवांतर: दोन सीटच्या गाडीत वाणसामान कुठे ठेवता हो तुम्ही लोक?

एडिसनकर
@खंबाटकी, बॉक्सटरला पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिक्या आहेत. ओक ट्री रोडवरून दहा किलोची तांदळाची पिशवी पुढे आणि भाजी मागे, आरामात. होंडाच्या डिकीत एकतर तांदूळ येईल किंवा भाजी.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या शनिवारी दोन्ही गाड्या दाखवून आणतो. पोर्शेवाल्याला रिपोर्टचं विचारलं तर म्हणाला, 'काढा की, मी तर आजोबांसारखी चालवतो.'

एडिसनकर
मंडळी, उशीर झाला, पण वृत्तांत घ्या.

आधी बॉक्सटर. पोर्शेचीच कामं करणाऱ्या एका स्वतंत्र मेकॅनिककडे नेली. बाहेरून खरंच देखणी. टॉर्च मारला तर उजव्या रेडिएटरपुढे ओंजळभर काळा पाचोळा. मागच्या टायरवर '२२१४', म्हणजे पानाखिळा, तुमच्या उदाहरणाहूनही म्हातारे. मग त्याने कॉम्प्युटर जोडला. इंजिनचे तास १,६१०. ४६,००० भागिले १,६१० म्हणजे ताशी साडेअठ्ठावीस मैल सरासरी. आकडा खरा आहे, मीटर कोणी फिरवलेलं नाही, तेवढं बरं वाटलं.

पण पाचव्या टप्प्यात नोंदी होत्या. आणि शेवटची नोंद १,५९२ व्या तासाची. म्हणजे अठरा तासांपूर्वी, जेमतेम पाचशे मैलांमागे. आजोबा तिथेच शेजारी उभे होते. मेकॅनिकने स्क्रीन काही न बोलता त्यांच्याकडे वळवला. ते म्हणाले, 'मेहुण्याला एकदा दिली होती.' मी तपासणीचे पैसे दिले आणि घरी आलो.

होंडाच्या मालकाला मी आधी फोन करून सांगितलं होतं की इंजिन गरम करून ठेवू नका. नव्हतं केलं. चालू केल्यावर दोन सेकंद तोच आवाज, सायकलचा पुठ्ठा! मी इतका खूष झालो की मालक गोंधळला. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं एकसारखं. अलाइनमेंटची पावती मागच्या वर्षीची, बोल्ट नवे घातल्याचं त्याच कागदावर. उजवं मागचं मडगार्ड पुन्हा रंगवलेलं, ते त्याने आपणहून सांगितलं आणि फोटो दाखवले. फाइलमध्ये एक शाळकरी वही निघाली. प्रत्येक टाकीला तारीख, मैल आणि तेल किती घातलं ते, अकरा वर्षांचं. शाई तीन रंगांची.

स्टिअरिंग मांडीला लागत नाही, मी पाच फूट दहा आहे. घड्याळ मात्र दारावर आपटतं. इंजिनच्या फेऱ्यांची सुई सहा हजारांच्या वर गेल्यावर काय होतं ते लिहीत बसत नाही, मधुमालती हसतील.

टेन्शनरचे ७०० कमी केले, २२,३०० ला ठरली. कर १,४७७. हातात ३,२२३, त्यातून विमा. रविवारी आणतोय.

मधुमालती
अभिनंदन! हसतेच आहे. आता दोन कामं. हे समर टायर असतील तर सात अंश सेल्सिअसच्या खाली त्यांच्यावर भरवसा ठेवू नका, एप्रिलमधल्या सकाळीही. आणि लाखाच्या वर गेलीय, तर व्हॉल्व्हचं अंतर तपासून घ्या. फाइलमध्ये त्याची नोंद आहे का?

एडिसनकर
नाही, तेवढंच एक नाही. स्वतःला जमेल का? टेन्शनर मेकॅनिककडून करून घेणार आहे, पण त्यासाठी पुन्हा मजुरी द्यायची म्हणजे...

मधुमालती
जमेल. वरचं कव्हर काढायचं, इंजिन पूर्ण गार हवं, घाई नको. इनटेक ०.२१ ते ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.२५ ते ०.२९. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पानांचा) आहे का?

एडिसनकर
आहे. बाबांचा. बजाज चेतकच्या पॉइंटचा गॅप लावायला वापरायचे, मी पिंपरीहून येताना आणला होता. इतकी वर्षं ड्रॉवरमध्ये नुसताच पडून आहे.

मधुमालती
त्यातली पानं एवढी बारीक आहेत का बघा. चेतकला जाडच लागायचं.

एडिसनकर
०.०५ पासून आहेत. थोडी गंजलीत, पॉलिश पेपर आणि तेल लावून बघतो.