नागपूरच्या ४४ पेक्षा मुंबईचे ३५ जास्त का छळतात?

वैशाख_वणवा:
नागपुरात ४४ अंशांत अंग कोरडे असते, मुंबईत ३५ लाच घामाच्या धारा. घाम जास्त म्हणजे शरीर जास्त थंड व्हायला हवे ना? आणि पंखा कुठे उपयोगी?

हायपोथॅलॅमस:
वाहून गेलेला घाम फुकट, वाळलेलाच कामाचा. नागपुरातही घाम भरपूर येतो, पण दिसण्याआधीच उडून जातो. नुसता बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता तयार करतो. एक ग्रॅम घाम वाळताना साधारण २.४ किलोज्यूल घेऊन जातो, म्हणजे तेवढ्यासाठीच तासाला दीडशे मिली घाम वाळायला हवा. हवा त्वचेपेक्षा गरम असेल तर बाहेरून येणारी उष्णता वेगळी.

आता बाष्पदाब (पाण्याच्या वाफेचा दाब) बघा. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवर तो ४२ मिमी पारा. नागपूरच्या हवेत (४४ अंश, आर्द्रता १५ टक्के) जेमतेम १०, मुंबईत (३५ अंश, ६५ टक्के) २७. फरक ३२ विरुद्ध १५. घाम वाळतो तो या फरकाच्या जोरावर, त्यामुळे मुंबईत तो निम्म्याहून कमी वेगाने वाळतो. मेंदूला थंडावा पोचत नाही, म्हणून तो आणखी घाम सोडायला लावतो. पाणी आणि मीठ जाते, गारवा काही मिळत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या खालीच होता.

कूलरवाला:
पंख्याचे दोन्हीकडे वेगळे. मुंबईत जरूर लावा, अंगालगतची दमट हवा हटते. नागपुरात चाळिशीपुढे नुसता पंखा गरम झोतच मारतो. अंगावर ओले फडके घ्या, मग लावा. कूलर मात्र कोकणात घेऊ नये. आधीच दमट असलेल्या खोलीत तो आणखी ओल भरतो.

वैशाख_वणवा:
धन्यवाद! ऊन लागून ताप चढला तर पॅरासिटामॉल चालेल?

हायपोथॅलॅमस:
नाही. संसर्गाच्या तापात मेंदूच तापमानाची पातळी वर नेऊन ठेवतो, ती हे औषध खाली आणते. उष्माघातात पातळी ३७ लाच असते, फक्त उष्णता बाहेर पडत नाही. तिथे गोळी निरुपयोगी, वर यकृतावर भार.

माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला की १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट न बघता गार करायला लागा. सावलीत आणा, कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओतत जोराने वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाते. अंग कोरडेच असेल असे नाही. कष्टाचे काम करताना झालेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असतो. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका. आतले तापमान ४० च्या वर असताना तो बराच कमी दाखवू शकतो.

कूलरवाला:
+१. सर्दीच्या काही जुन्या गोळ्या घाम कमी करतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का, ते डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका.